खत घालूनही कुंडीतील झाडे पिवळी: मातीतील नत्राचे काम कुठे अडले ते कसे शोधावे

लक्षणे

ऑगस्ट उजाडला की आमच्या घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीत लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि भाजीच्या गाडीपाशी मला एकच वाक्य ऐकू येते: "अहो, खत तर दर पंधरवड्याला घालतेय, तरी कढीपत्ता पिवळाच." पोडियमवरील (पार्किंगच्या छतावरील) वाफे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गॅलरीतील कुंड्या पाहण्याचे काम माझ्याकडे कसे आले ते आता मलाही नीट आठवत नाही. मात्र तोच दोष वर्षानुवर्षे दुरुस्त करत आल्यामुळे तो शोधण्याचा एक क्रम हाताशी बसला आहे, आणि तो येथे लिहून ठेवत आहे.

या दोषात पिवळेपणा खालून वर चढतो. जून पाने आधी फिकट होतात आणि ती शिरांसकट, सगळीच्या सगळी पिवळी पडून गळतात. याचे कारण असे की नत्र (नायट्रोजन) झाडाच्या आत एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ शकतो, आणि तुटवडा पडला की झाड जून पानांतील नत्र काढून शेंड्याकडे पाठवते. शेंड्याची पाने हिरवट असली तरी लहान राहतात, फांद्या काडीसारख्या बारीक होतात, मिरचीला फुले कमी येतात आणि जास्वंदीच्या कळ्या धरत नाहीत. शिवाय गेल्या महिन्याभरात खत घातलेले असते, ही या दोषाची खरी खूण. खत घातलेलेच नसेल तर पुढचे काही वाचण्याआधी ते घालून पाहावे.

याच्याशी गल्लत होणारे तीन प्रकार वेगळे काढावेत. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल तर प्रश्न बहुधा लोहाचा असतो. तशीच खूण जून पानांवर असेल तर मॅग्नेशियमकडे पाहावे. पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके असतील तर पान उलटून लाल कोळी शोधावा. या तिन्हींना पुढील तपासण्या लागू नाहीत.

खत आणि मूळ यांच्यामध्ये काय घडते

शेणखत, पेंड किंवा कंपोस्ट यांतील बहुतेक नत्र प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंत अडकलेला असतो आणि झाडाला तो तसाच्या तसा घेता येत नाही. मुळे तो मुख्यतः अमोनियम किंवा नायट्रेट या रूपांत घेतात. प्रथिने तोडून अमोनिया मोकळा करण्याचे काम नाना जातींचे जिवाणू आणि बुरशी करतात, आणि ही मंडळी चिवट असतात. त्यापुढचे काम म्हणजे नत्रीकरण. त्यात नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. (नायट्रोस्पायरापैकी काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडतात, हे २०१५ मध्ये लक्षात आले.) नत्रीकरण करणारे जिवाणू सावकाश वाढतात, त्यांना प्राणवायू लागतोच, आणि आम्लता, क्षार व विष यांपुढे ते लवकर हार मानतात. माझ्या अनुभवात कुंडीतील काम बहुतेक वेळा याच टप्प्यावर, नाहीतर त्याच्या जरा आधी, अडलेले असते. वर आणखी खत घालून ते सुटत नाही.

१८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्यून्ट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी अगदी संथपणे झिरपू दिले. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला, नंतर त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच नायट्रेट बंद झाले, आणि पुढे थोडे मातीचे पाणी घातल्यावर काही काळाने ते पुन्हा सुरू झाले. हे काम करणारे जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कीने १८९० मध्ये वेगळे करून दाखवले. कुंडीत दुरुस्ती केल्यावर तिसऱ्याच दिवशी मला फोन करणाऱ्यांना मी त्या वीस दिवसांची आठवण करून देतो.

पहिली तपासणी: बोट आणि नाक

यास काहीच खर्च नाही. बोट दोन पेरे मातीत घालावे, चिमूटभर माती बाहेर काढावी आणि तिचा वास घ्यावा. पहिल्या पावसानंतर येतो तसा वास आला तर उत्तम, कारण तो स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंनी तयार केलेल्या द्रव्याचा असतो आणि मातीत हवा खेळत असल्याची ती खूण असते. आंबूस वास आला, किंवा ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावर खाडीचा जसा वास येतो तसा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर त्या मातीत प्राणवायू संपला आहे असे समजावे.

शेतकऱ्यांकडे हव्या त्या स्थितीसाठी नेमका शब्द आहे: वाफसा. मातीच्या पोकळ्यांत पाणीही असते आणि हवाही, ढेकूळ हाताने फुटते पण हाताला चिकटत नाही, अशी ती अवस्था. पोकळ्यांपैकी साधारण साठ टक्के जागा पाण्याने भरलेली असते तेव्हा नत्रीकरण सर्वांत जोमाने चालते. त्याहून अधिक पाणी झाले की प्राणवायूची वाट बंद होऊ लागते, कारण पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. मग स्यूडोमोनाससारखे जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरू लागतात आणि त्याचा वायू करून हवेत सोडून देतात. यालाच विनत्रीकरण म्हणतात. तुम्ही पैसे देऊन आणलेला नत्र अशा वेळी मुळांकडे न जाता गॅलरीच्या ग्रिलमधून बाहेर जातो.

उलट बाजूही आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माती हात लागू देत नाही इतकी तापते. नत्रीकरणाला पंचवीस ते पस्तीस अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि कोरड्या, चाळिशीपार गेलेल्या मातीत ते मंदावते. अशा वेळी पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, वर वाळलेल्या पानांचे दोन बोटे जाड आच्छादन द्यावे आणि पाणी सकाळी द्यावे.

दुसरी तपासणी: ताटली आणि भोक

कुंडीखालच्या ताटलीवरून आमच्या इमारतीत जितके वाद झाले तितके पार्किंगवरूनही झाले नसतील. वरच्या मजल्यावरचे पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, म्हणून सोसायटी ताटल्या सक्तीच्या करते. ताटलीत पाणी साचते, कुंडीचा तळ रात्रंदिवस त्यात बुडून राहतो आणि त्यात डासांच्या अळ्या होतात त्या वेगळ्याच. कुंडी ताटलीत थेट न ठेवता फरशीच्या तीन तुकड्यांवर ठेवावी, म्हणजे ताटली राहूनही कुंडीच्या तळाला हवा लागते. सातव्या मजल्यावरच्या काकूंची मोगऱ्याची कुंडी एवढ्या एका बदलाने सुधारली. त्याआधी त्यांनी तिच्यावर तीन प्रकारची खते खर्च केली होती.

निचरा पाहण्यासाठी कुंडीत एक लिटर पाणी एकदम ओतावे. ते मिनिट-दोन मिनिटांत मातीत शिरून तळाच्या भोकातून बाहेर यायला हवे. दहा मिनिटांनीही पाणी वर तळ्यासारखे उभे असेल, तर भोक मुळांनी बुजले आहे किंवा माती दबली आहे. आपल्याकडे रोपवाटिकांत मिळणारी लाल माती नुसती भरली तर दोन पावसाळ्यांत विटेसारखी घट्ट होते. त्यात एक तृतीयांश चांगले कुजलेले कंपोस्ट आणि थोडी जाडसर वाळू मिसळल्याशिवाय ती कुंडीसाठी वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे.

येथेच पावसाचाही हिशेब मांडावा. ठाण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋण भारच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही आणि ते पाण्याबरोबर वाहून जाते. अमोनियम धन भाराचे असल्याने ते बरेचसे टिकते. म्हणून उघड्यावरच्या कुंड्यांना जुलैत एकदम भरपूर खत देणे म्हणजे ते गटाराला देणे होय. द्यायचेच असेल तर थोडे थोडे, उघडीप पाहून द्यावे.

तिसरी तपासणी: मातीत काय काय ओतले आहे

घरातील सर्वांना, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनाही, विचारावे. पोडियमच्या एका कोपऱ्यातील वाफा दर वर्षी पिवळा पडत असे, आणि त्याचे कारण मला फार उशिरा कळले. लादी पुसून झाल्यावर फिनाइलच्या पाण्याची बादली रोज त्या वाफ्यात रिकामी होत होती. ताम्रयुक्त किंवा अन्य बुरशीनाशके मातीत वारंवार ओतल्यानेही असेच होऊ शकते. माती उपसून टाकण्याची सहसा गरज पडत नाही. ओतणे थांबवावे, दोन-तीन वेळा भरपूर पाणी देऊन ते निथळू द्यावे, आणि निरोगी वाफ्यातील दोन मुठी माती वरच्या थरात मिसळावी. श्लोसिंग-म्यून्ट्स यांच्या नळीतही मातीचे पाणीच कामी आले होते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे जिवाणू मरतात अशी एक समजूत आहे. पिण्याच्या पाण्यात ग्राहकाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम इतके मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. एवढे क्लोरीन मातीच्या वरच्या पातळ थरातील सेंद्रिय द्रव्यावरच खर्ची पडते. पाणी रात्रभर बादलीत ठेवायची हौस असेल तर ठेवावे, पिवळेपणाचे कारण मात्र तेथे शोधू नये.

गुळाचे पाणी हा आणखी एक संशयित. साखर म्हणजे जिवाणूंना आयते इंधन. ते झपाट्याने वाढतात, आणि वाढण्यासाठी लागणारा नत्र मातीतूनच उचलतात. शेतातील जीवामृतात शेण, गोमूत्र आणि बेसन असल्याने नत्रही असतो. आपण कुंडीत नुसता गूळ ओतून त्यालाच जीवामृत म्हणू लागलो, तर झाडाचा घास जिवाणूंनी खाल्ला म्हणून तक्रार करता येणार नाही.

चौथी तपासणी: कंपोस्ट खरोखर कुजले आहे का

येथे जरा थांबतो, कारण आमच्या परिसरात निम्म्याहून अधिक वेळा दोष येथेच सापडतो, आणि माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूकही येथलीच आहे.

पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितल्यानंतर अनेक सोसायट्यांप्रमाणे आम्हीही एक यंत्र घेतले. विक्रेत्याने चोवीस तासांत खत मिळेल असे सांगितले होते. यंत्रातून दुसऱ्या दिवशी खरोखरच कोरडी, तपकिरी, कॉफीसारखी भुकटी बाहेर आली आणि तिला किंचित भाजल्यासारखा वास होता. मी ती मोठ्या उत्साहाने पोडियमवरील मिरचीच्या वाफ्यात आणि चाळीसेक कुंड्यांत मिसळली. पाचव्या दिवशी वाफ्यावर कापसासारखी पांढरी बुरशी उगवली. मातीत हात घातला तर ती तव्यावरून उतरवून ठेवलेल्या भाकरीसारखी कोमट लागली. पंधरा दिवसांत मिरचीची खालची पाने लिंबासारखी पिवळी झाली.

ते यंत्र कचरा तापवून वाळवत होते आणि बारीक करत होते. कुजवण्याचे काम झालेलेच नव्हते. पाणी मिळताच ते मातीत, मुळांच्या शेजारी सुरू झाले. शिवाय ओल शोषण्यासाठी यंत्रात लाकडाचा भुसा टाकला जात असे, आणि खरी मेख त्यातच होती.

हिशेब असा आहे. मातीतील सूक्ष्मजीवांच्या शरीरात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे (कार्बनचे) साधारण आठ भाग असतात. खाल्लेल्या कर्बापैकी सुमारे दोन तृतीयांश ते श्वसनात जाळतात. म्हणजे नत्राच्या एका भागाबरोबर त्यांना कर्बाचे चोवीसेक भाग लागतात: सोळा जाळायला, आठ अंगी लावायला. अन्नात कर्बाचे प्रमाण याहून कमी असेल तर नत्र उरतो आणि झाडाला मिळतो. अधिक असेल तर तूट भरून काढण्यासाठी ते मातीतील अमोनियम आणि नायट्रेट उचलतात. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात हे प्रमाण पंधरा-वीसच्या घरात असते, वाळलेल्या पानांत चाळीसच्या वर, कोकोपीटमध्ये शंभरच्या आसपास आणि लाकडाच्या भुशात काही शेकडे. कोकोपीट निदान फार सावकाश कुजते, त्यामुळे त्याची भूक बेताची असते. बारीक लाकडी भुसा मात्र मातीतील नत्र भराभरा शोषून घेतो. हा नत्र नष्ट होत नाही. सूक्ष्मजीव मेल्यावर तो पुन्हा मोकळा होतो, पण तोवर मिरचीचा हंगाम निघून जातो.

तपासणी अशी करावी. मूठभर कंपोस्ट इतपत ओले करावे की दाबल्यावर हाताला ओल लागेल पण थेंब गळणार नाही. ते झिपच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवावे. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा उग्र वास आला, किंवा पिशवी फुगली, तर ते कच्चे आहे. दुसरी खात्री म्हणजे मोहरीचे वीस दाणे निम्म्या कंपोस्टमध्ये निम्मी माती मिसळून पेरावेत आणि वीस दाणे नुसत्या मातीत. आठवड्याने कंपोस्टमधील रोपे उघडपणे कमी किंवा खुरटलेली दिसली तर ते कंपोस्ट कुंडीत घालू नये.

कच्चे कंपोस्ट फेकून द्यायचे नसते. वाळलेली पाने आणि थोडी जुनी माती यांच्याबरोबर त्याचा ढीग करावा, आठवड्यातून एकदा परतावा आणि सहा ते आठ आठवडे थांबावे. ते आधीच कुंडीत मिसळले गेले असेल तर माती खुरप्याने सैल करावी, पाणी थोडे आखडते घ्यावे, आणि जिवाणूंची तूट वरून भरून काढावी. बारा इंची कुंडीला पंचवीस-तीस ग्रॅम भुईमुगाची पेंड, किंवा तेवढा धीर नसेल तर दोन लिटर पाण्यात एक ग्रॅम युरिया, महिन्यातून एकदा पुरतो. भुईमुगाच्या पेंडीत सुमारे सात टक्के आणि युरियात ४६ टक्के नत्र असतो, त्यामुळे युरियाच्या बाबतीत "चमचाभराने काय होते" हे वाक्य धोक्याचे आहे. युरियाचे विघटन झपाट्याने होऊन अमोनिया साचतो. तो मुळांना जाळतोच आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंनाही थोपवतो. पेंडीमुळे घुशी येतात, ती मातीत खोल गाडावी. निंबोळी पेंड घुशींना आवडत नाही. मात्र कडुनिंबातील द्रव्ये नत्रीकरणाचा वेग मुद्दामच कमी करतात, आणि २०१५ पासून देशात युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे झाले त्यामागे हा गुणही होता. पावसाळ्यात नत्र वाहून जाऊ नये म्हणून निंबोळी पेंड चांगली, पण आधीच पिवळ्या पडलेल्या झाडाला तातडीने सावरायला तिचा उपयोग नाही.

पाचवी तपासणी: मूठभर मूग

यास फक्त महिनाभर वेळ लागतो. संशयित कुंडीत कडेला मुगाचे किंवा चवळीचे पाच-सहा दाणे पेरावेत. तीस दिवसांनी रोप ओढून न काढता खुरप्याने मातीसकट उचलावे आणि मुळे बादलीत हलक्या हाताने धुवावीत. मुळांवर मोहरीएवढ्या ते मिरीएवढ्या गाठी दिसायला हव्यात. एक गाठ नखाने कापावी. आतला रंग गुलाबी किंवा लालसर असेल तर त्यातील जिवाणू हवेतील नत्र बांधत आहेत. हा रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या एका द्रव्याचा असतो, आणि ते द्रव्य गाठीतील प्राणवायूवर नियंत्रण ठेवते. आत पांढरे, हिरवट किंवा तपकिरी दिसले तर गाठ कच्ची आहे किंवा थकली आहे.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही झाड उपाशी राहते, कारण त्याच्या रेणूतील तिहेरी बंध तोडणे झाडाला जमत नाही, फक्त काही जिवाणूंनाच जमते. मुगाच्या गाठी पाहून मिरचीला लगेच नत्र मिळणार नाही. पण माती जिवाणूंना राहण्याजोगी आहे की नाही हे कळते. गाठीच नसतील तर माती फार आम्ल, फार खारट किंवा पाण्याने दबलेली असण्याची, किंवा त्या मातीत मुगाला चालणारे जिवाणूच नसण्याची शक्यता असते. गाठी नाहीत आणि मूग मात्र काळाभोर हिरवा आहे, असे दिसले तर मातीत नत्र भरपूर आहे. अशा वेळी झाड गाठी पोसण्याचा खर्च करत नाही.

एक सावधगिरी. गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असेल आणि बोटाने सहज सुटत असेल तर ती जिवाणूंची. मूळच जागोजागी फुगून माळेसारखे झाले असेल आणि फुगवटा सुटत नसेल तर ती सूत्रकृमींची (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींची) बाधा. तेथे नत्राचा शोध थांबवावा, ती माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नये आणि झाड काढून टाकावे.

सहावी तपासणी: सामू आणि क्षार

कोकणची लाल माती मुळात आम्लधर्मी, आणि नत्रीकरणातूनही आम्लच तयार होते. त्यामुळे वर्षानुवर्षे युरिया किंवा पेंड खाल्लेली कुंडी हळूहळू आंबट होत जाते. सामू (पीएच) सहाच्या खाली गेला की नत्रीकरण मंदावते आणि पाचच्या आसपास जवळजवळ थांबते. मातीत खुपसायच्या स्वस्त सुयांच्या यंत्रावर माझा विश्वास नाही. एकाच कुंडीत ते सकाळी सहा दाखवते आणि दुपारी साडेसात. त्यापेक्षा एक वाटी माती आणि अडीच वाट्या डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीच्या दुकानात मिळते ते) ढवळून निवळू द्यावे आणि वरच्या पाण्यात सामूची पट्टी बुडवावी. सामू कमी आला तर बारा इंची कुंडीला चुनखडीच्या किंवा डोलोमाइटच्या भुकटीचा एक सपाट चमचा मिसळावा आणि महिन्याने पुन्हा पाहावे. पानाला लावायचा किंवा भिंतीचा चुना घालू नये, तो फार तीव्र असतो.

नवी मुंबईत याच पाण्यात आणखी एक वस्तू बुडवावी लागते. वाशी, ऐरोली, नेरूळच्या बऱ्याच जमिनी खाडीलगत भराव घालून तयार झाल्या आहेत. तळमजल्यावरच्या बागेत खालून खारे पाणी चढते, किंवा कोणीतरी उदारपणे खाडीकाठची माती आणून टाकलेली असते. मातीवर पांढुरकी पूड दिसत असेल तर पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राबरोबर येणारी टीडीएसची (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी) पेन वरील पाण्यात धरावी. आकडा पाचशेच्या वर गेला तर क्षारांचा संशय घ्यावा. निचरा चांगला असेल तर कुंडी दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने धुऊन निघते. जमीन मात्र अशी धुता येत नाही.

सातवी तपासणी: नायट्रेटची परीक्षा

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर दोन बाजूंनी पाहावे. पहिली बाजू झाडाची. तेरा-शून्य-पंचेचाळीस या नावाने मिळणारे विद्राव्य खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात ते आठवड्याच्या अंतराने दोनदा द्यावे. यातील नत्र आधीच नायट्रेट रूपात असल्याने जिवाणूंच्या मदतीची वाट पाहावी लागत नाही. दहा-बारा दिवसांत नवी पाने मोठी आणि गडद होऊ लागली तर दोष नत्राचाच होता आणि मातीतील काम अडलेले आहे. पूर्ण पिवळी झालेली पाने परत हिरवी होत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नये.

दुसरी बाजू मातीची. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजण्याचे संच मिळतात, कारण काचेच्या टाकीतही नत्रीकरणाचे हेच काम चालते. मातीचे निवळलेले पाणी कॉफीच्या गाळणकागदातून गाळून त्याची परीक्षा करावी. अमोनिया भरपूर आणि नायट्रेट जवळजवळ शून्य असेल तर नत्रीकरण थांबले आहे, तेव्हा पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या तपासणीकडे परत जावे. दोन्ही शून्य असतील तर नत्र वाहून गेला आहे किंवा भुशासारख्या वस्तूने अडवला आहे. दोन्ही पुरेसे असूनही झाड पिवळे असेल तर दोष मातीत नाही, मुळांत आहे. झाड कुंडीतून उपसून मुळे पाहावीत: काळी, मऊ मुळे कुजलेली असतात. पट्टीवरचा आकडा नेमका मानू नये. एका निरोगी कुंडीची माती शेजारी ठेवून तुलना करावी.

जिवाणू खताची पाकिटे मी मुद्दाम शेवटी ठेवली आहेत. ॲझोटोबॅक्टर किंवा रायझोबियम विकत आणून घुसमटलेल्या मातीत टाकणे म्हणजे पाणी तुंबलेल्या घरात नवे भाडेकरू आणणे. वाफसा, सामू आणि कंपोस्ट ठीक झाल्यावर ती वापरावीत, मुदत पाहून घ्यावीत, उन्हात ठेवू नयेत आणि रासायनिक खतात मिसळू नयेत. रायझोबियम पिकानुसार वेगळे असते. सोयाबीनचे पाकीट मेथीला चालत नाही.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

आवारातील मोठे झाड, म्हणजे वर्षावृक्ष, गुलमोहर किंवा आंबा, पिवळे पडून एका बाजूने वाळू लागले असेल तर यांपैकी काहीही करत बसू नये. वृक्षतज्ज्ञ बोलवावा, कारण ते झाड माणसांवर आणि गाड्यांवर पडू शकते. फांदी छाटायची असली तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

पोडियमवरील सगळे वाफे एकाच वेळी आंबू लागले आणि खालच्या पार्किंगच्या छताला ओल दिसू लागली, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे किंवा जलरोधक थर फाटला आहे. ते काम स्थापत्य अभियंत्याचे. पहार घेऊन वाफा खणणाऱ्या माळीदादांनी आमच्याकडे तो थर एकदा आणखी फाडला होता.

सांडपाणी शुद्ध करून बागेला देणाऱ्या संकुलांत त्या पाण्याला अमोनियाचा वास येत असेल, किंवा माशांच्या संचावर अमोनियाचा रंग गडद उमटत असेल, तर बागेचा दोष शोधण्याआधी एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) चालवणाऱ्यांना कळवावे. तेथील हवा भरण्याच्या टाकीतही नत्रीकरण करणारे तेच जिवाणू असतात. त्यांना दोन मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास विरघळलेला प्राणवायू मिळाला नाही की ते काम थांबवतात. वीज वाचवण्यासाठी रात्री ब्लोअर बंद ठेवले जातात का, हे विचारून घ्यावे.

आणि तीन महिन्यांत हे सगळे करूनही जमीन सुधारत नसेल, किंवा टीडीएसचा आकडा उतरत नसेल, तर कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विद्यापीठाच्या केंद्रात नमुना द्यावा. वाफ्यातील आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून न्यावी. खत घातल्यानंतर निदान महिनाभर थांबूनच नमुना घ्यावा. अहवालात उपलब्ध नत्र हेक्टरी किलोग्रॅममध्ये येतो: २८० च्या खाली कमी, ५६० च्या वर अधिक. खताची शिफारसही हेक्टरीच असते. ती कुंडीला लावण्याचा प्रयत्न करू नये. बाल्कनीतल्या माणसाने त्या कागदावरचे तीनच आकडे पाहावेत, सामू, विद्युत वाहकता (क्षारांचे माप) आणि सेंद्रिय कर्ब, आणि विद्युत वाहकता एकच्या वर असेल तर प्रयोगशाळेतील अधिकाऱ्यांशी बोलल्याशिवाय खताची पिशवी उघडू नये.